उन्हाळी घोडी, पावसाळी घोडी: गिटारचे पंधरा महिने

मी गिटार शिकलेला माणूस नाही. अमळनेरात माझं मोटार भरायचं दुकान आहे. शेतकऱ्यांच्या पाणबुडी मोटारी जळतात, त्या आम्ही खोलतो, जळकी तार काढतो, नवी भरतो, वॉर्निश मारून भट्टीत सुकवतो. वय ४५. डिसेंबर २०२४ मध्ये ६,८०० रुपयांना गिटार घेतली आणि आता मार्च २०२६ चालू आहे. म्हणजे दोन हिवाळे, एक उन्हाळा आणि एक पावसाळा झाला.

ऋतू मुद्दाम मोजले. घेण्याआधी मी जेवढे अनुभव वाचले ते सगळे आठ-पंधरा दिवसांचे. पार्सल छान आलं, आवाज गोड आहे, मुलगा खूश आहे, पाच तारे. त्यातला एकही मे महिन्यात लिहिलेला नव्हता. आमच्याकडे मे महिन्यात दुपारी दुकानाच्या शटरला हात लावला तर चटका बसतो. लाकडाची वस्तू घ्यायची तर तिचं मे महिन्यात काय होतं ते आधी कळायला हवं.

कंपनीचं नाव लिहीत नाही. या किमतीच्या गिटारी एकमेकींच्या चुलत बहिणीच असतात. माझ्या गिटारीत जे निघालं ते बहुतेकींत निघेल. स्टीलच्या तारांची अकूस्टिक, वरची पाटी प्लायची, आकार ड्रेडनॉट. हे नाव १९०६ साली पाण्यात उतरलेल्या एका ब्रिटिश युद्धनौकेवरून पडलंय, आणि मांडीवर घेतली की पटतं. पोट असलेल्या माणसानं दुकानात बसून, छातीशी धरून बघितल्याशिवाय हा आकार घेऊ नये. पहिला महिनाभर माझा उजवा खांदा कानाला लागलेला असायचा. याच्यापेक्षा कंबर बारीक असलेला छोटा आकार मिळतो, तो घ्यायला हवा होता.

आली तेव्हा तिच्यात दोन खोड्या होत्या. चौथ्या तारेची खुंटी ढिली होती, ती एका स्क्रूत आवळली गेली. दुसरी खोड मोठी. तारा फार उंच होत्या. मानेवर ज्या आडव्या धातूच्या पट्ट्या असतात ते फ्रेट. बाराव्या फ्रेटवर फिलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, घातला तर जाड तारेखाली ३.२ मिलिमीटर निघाले. तिथं अडीचच्या आसपास असावेत. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणे, नवीन माणसाला असंच वाटतं, बोटं तयार झाली की होईल. हे वाक्य ऐकून किती जणांनी गिटार माळ्यावर टाकली असेल देव जाणे. बोटं माझी आधीच तयार होती हो. पंचवीस वर्षं तार ओढतोय. फक्त घट्टे उजव्या हाताच्या अंगठ्याला आणि तर्जनीच्या कडेला, आणि गिटारला लागतात डाव्या हाताच्या चार बोटांच्या टोकाला. तिथं मी बाळासारखा मऊ निघालो.

उंची कमी करायची तर तारा ज्या पांढऱ्या पट्टीवर टेकतात ती पट्टी खालून घासायची. गिटारवाले तिला सॅडल म्हणतात. तंबोऱ्याला जी घोडी तीच ही, म्हणून मी घोडीच म्हणतो. हिशेब सोपा आहे: बाराव्या फ्रेटवर जेवढं उतरायचं त्याच्या दुप्पट घोडी घासायची, कारण बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर असतो. मला ०.८ उतरायचं होतं, म्हणून १.६ मिलिमीटर घासायचे. काचेवर २२० नंबरचा पॉलिश पेपर ठेवला, घोडीला पेन्सिलीनं रेघ मारली आणि सरळ धरून घासत गेलो. वीस मिनिटांचं काम. तळ तिरका होऊ द्यायचा नाही, एवढंच. पट्टी साठ रुपयांची असते, एखादी बिघडली तरी रडू येत नाही.

मग तारा. सोबत आलेला सेट १२ चा होता. १२ म्हणजे पहिली तार ०.०१२ इंच. मायक्रोमीटर लावला, ०.३० मिलिमीटर. माझ्या धंद्याच्या हिशेबात ३० आणि ३१ नंबरच्या मधली तार. १० चा सेट घेतला तर पहिली तार बरोबर ३३ नंबरची. फरक डोळ्यांना दिसत नाही, बोटांना दिसतो. बारा नंबरच्या सहा तारा सुरात लावल्या की सगळ्यांचा मिळून ताण सत्तर किलोच्या वर जातो, म्हणजे सिमेंटची जवळजवळ दीड गोणी. तो सगळा ताण एका पातळ पाटीवर चिकटवलेल्या लाकडाच्या तुकड्यानं पेललेला असतो. दहाचा सेट लावला की हे ओझं दहा-बारा किलोनं हलकं होतं. आवाज थोडा बारीक होतो हे खरं. पण शिकणाऱ्यानं पहिले सहा महिने दहाच्याच वापराव्यात असं माझं मत झालंय. मी पावसाळ्यानंतर अकरावर आलो, अजून तिथंच आहे.

आता खरी गोष्ट. पहिले चाळीस दिवस गिटार घरी होती. कव्हरात, चेन लावून, कपाटावर, पोरं हात लावतील म्हणून. त्या चाळीस दिवसांत मी ती नऊ वेळा काढली. नऊ हा आकडा मला माहीत आहे, कारण मी तेव्हा एका क्लासला जायचो आणि तिथं सरावाची वही भरावी लागायची. क्लासात सहा आठवडे कागदावरचे स्वर वाचायला शिकवले. एकही गाणं नाही. सोडला.

संक्रांतीनंतर एका संध्याकाळी गिटार दुकानात नेली आणि भिंतीला खिळा ठोकून टांगली. कामाच्या टेबलापासून दोन हातांवर. वॉर्निश मारलेली मोटार भट्टीत गेली की हात मोकळे असतात. लाइट गेली की सगळंच मोकळं. दहा मिनिटं वाजवायची, गिऱ्हाईक आलं की टांगायची. दिवसातून असं पाच-सहा वेळा होतं. कॉर्ड म्हणजे एकदम वाजवायचे ठरावीक स्वर. ‘जी’ कॉर्डवरून ‘सी’ कॉर्डवर जायला मला आधी एवढा वेळ लागायचा की मधल्या वेळात चहा पिऊन व्हावा. महिन्याभरात ती अडचण कधी गेली ते कळलंसुद्धा नाही. एका वेळी तासभर बसलो असतो तर आलं नसतं, बोटंच उठली असती.

शेजारचा वेल्डिंगवाला पहिल्या दिवशी दारात उभा राहून म्हणाला, “भो, हाई काय शे? मोटार भरानं सोडी दिधं का?” आता तोच दुपारी चहा घेऊन येतो आणि फर्माइश करतो.

आप्पा, म्हणजे माझे वडील, दुकानात आले, बघितलं आणि म्हणाले, ही उभी काय धरतोस, ही आडवी ठेवून वरून दांडी फिरवतात. मी हसलो, पण त्यांचं चूक नव्हतं. त्यांच्या काळात रेडिओवर गिटार म्हटली की हवाईयन. मांडीवर आडवी, तारांवर स्टीलची दांडी. हवाईकडचे टाऊ मो १९४० च्या दशकात कलकत्त्यात राहून शिकवत होते, तिथून ती आपल्याकडे पसरली. व्हॅन शिपलेंनी तिच्यावर सिनेमाच्या गाण्यांच्या रेकॉर्डी काढल्या. ब्रिजभूषण काब्रांनी तिच्यावर राग वाजवले, विश्वमोहन भट्टांना तिच्यातूनच घडवलेल्या मोहनवीणेवर वाजवलेल्या अल्बमसाठी १९९४ साली ग्रॅमी मिळालं. मींड काढायची, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जायचं, तर ती आडवीच बरी. आपण हातात घेतो तिला वाद्यांच्या दुकानात अजूनही स्पॅनिश म्हणतात. आप्पांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, मग तू चुकीची आणली.

गिटार टांगलेली दिसली की माणसं आपणहून बोलतात. हा फायदा कुठल्याच अनुभवात वाचला नव्हता. भुसावळहून रेल्वेतून रिटायर झालेले एक काका बोअरची मोटार घेऊन आले. मोटार बाजूला राहिली, आधी गिटार काढून घेतली. त्यांच्या लहानपणी रेल्वे कॉलनीत शेजारी एक अँग्लो-इंडियन कुटुंब राहायचं. त्यांच्याकडे नाताळात गाणी व्हायची. काका दारात उभे राहून बघायचे, तर एक दिवस आत बोलावून हातात दिली. तीन कॉर्ड शिकले आणि त्याच तीन कॉर्डांवर पंचावन्न वर्षं काढली. एफ ही अवघड कॉर्ड येते का विचारलं तर म्हणाले, एफ लागेल असं गाणं मी म्हणतच नाही. नवापूरकडचा एक औषधाचा एमआर आहे, त्याला चर्चमध्ये बाकीच्यांचं बघून आलं, कुणी शिकवलं असं त्याला आठवतच नाही. आणि कॉलेजचा एक पोरगा, २०२० च्या लॉकडाऊनमध्ये फोनवर बघून शिकला, कॉलेज सुरू झाल्यावर गिटार विकली, आता माझ्या दुकानात येऊन माझी वाजवतो. तिघांपैकी माझ्यापेक्षा चांगलं तोच वाजवतो आणि गिटार नाही ती त्याच्याचकडे.

सूर लावायला मी फोनवरचा ट्यूनर वापरायचो. भुसावळच्या काकांनी तो खिशात ठेवायला लावला. दुकानासमोर डीपी आहे, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर. तिचा हुंकार दिवसभर कानात असतो, आम्हाला तो ऐकूच येत नाही. ते म्हणाले, सहाव्या, म्हणजे सगळ्यात जाड तारेचा तिसरा फ्रेट दाब आणि ऐक. दाबला. तार आणि डीपी एकत्र वाजल्यावर आवाज हलायला लागला, वॉव, वॉव, वॉव, सेकंदाला दोनदा. मला काही सेकंद कळेना, मग हसू आलं. वीज सेकंदाला ५० सायकलची. ट्रान्सफॉर्मरचं लोखंड एका सायकलमध्ये दोनदा ताणतं-सुटतं, म्हणून हुंकार १०० चा. आणि त्या जागेवरचा ‘जी’ स्वर असतो ९८ चा. शंभरातून अठ्ठ्याण्णव गेले, दोन ठोके. आयुष्यभर डीपीसमोर बसलोय आणि ती सूर देते हे कुणी सांगितलं नव्हतं. आता सकाळी शटर उघडलं की जाड तार डीपीवर लावतो. पुढच्या तारा एकीवरून दुसरी: पाचवा फ्रेट दाबायचा आणि खालची मोकळी तार त्याला मिळवायची, फक्त तिसरीवरून दुसरी लावताना चौथा. लाइट गेली की फोन काढावा लागतो.

आता उन्हाळा. गिटारच्या लाकडाला हवेत ४५ ते ५५ टक्के ओलावा लागतो म्हणतात. मी अडीचशे रुपयांचं ओलावा मोजायचं छोटं यंत्र आणून तिच्याशेजारी लावलं. मेच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी तीनला त्यात १७ दिसले. लाकूड आकसतं. आधी बोटांना कळलं: मानेच्या कडेवरून हात फिरवला की फ्रेटची टोकं बोचायला लागली. धातूची टोकं तेवढीच राहतात, खालचं लाकूड मागं सरतं. तिरकी बारीक कानस धरून एकेक टोक मारलं. मग वरची पाटी बसली, तारा खाली आल्या, जाड तार दुसऱ्या-तिसऱ्या फ्रेटवर खरखरायला लागली. डिसेंबरात २.४ वर आणलेली उंची २.१ झाली होती. हौसेनं घासलेली घोडी आता कमी पडत होती.

मानेच्या आत लोखंडी सळई असते, ट्रस रॉड. ॲलन की घालून ती पाव आटा ढिली केली की मान थोडी पुढं वाकते आणि खरखर कमी होते. केलं. थोडा फरक पडला. पाव आट्यापेक्षा जास्त एका दिवसात फिरवू नये, आणि जोर लावावा लागला तर थांबावं. मोटारीचा नट आणि हा नट एक नव्हे, हे मी स्वतःलाच सांगत होतो.

खरा उपाय घरातच होता. कूलर. गिटारवाली मंडळी गिटारच्या पेटीत ओल्या स्पंजच्या डब्या ठेवतात. आमच्याकडे एप्रिल ते जून घरोघरी पाण्याचा कूलर चालतो. ज्या खोलीत कूलर त्या खोलीत माझं यंत्र पन्नाशीवर गेलं. दुकानात टेबलाशेजारी जुना लोखंडी कूलर होताच. गिटार त्याच्या झोतात धरायची नाही, बाजूच्या भिंतीला टांगायची. पंधरा दिवसांत तारा जवळजवळ जागेवर आल्या.

कुणी म्हणेल की एवढं करण्यापेक्षा कव्हरात बंद करून घरी ठेवायची. राहिली असती चांगली. कपाटावर ती अजूनही नव्यासारखी असती आणि मला दोन कॉर्ड आल्या असत्या. म्हणूनच सांगतो, आपल्या भागात पहिली गिटार प्लायची घ्या. अख्ख्या लाकडाच्या पाटीचा आवाज चांगला असतो, मी ऐकलाय, पण १७ टक्क्यांत तिला भेग पडू शकते आणि मग माणूस तिला जपत बसतो. प्लाय हलते, फाटत नाही सहसा. भिंतीवर टांगता येते.

पावसाळ्यात सगळं उलटं. जुलैत यंत्र ८० च्या वर. पाटी फुगली, तारा वर, जाड तारेखाली २.९. एफ कॉर्डचा मी तेव्हाच नाद लावला होता. पहिल्या बोटानं सहाही तारा आडव्या दाबायच्या. तीन आठवडे नुसता टप-टप आवाज. मला वाटलं आपल्याच्यानं होत नाही, वय झालं. मग फिलर गेज घातला आणि कळलं की निम्मा दोष बोटाचा, निम्मा ऑगस्टचा. तेव्हा दुसरी घोडी केली. उन्हाळी थोडी उंच, पावसाळी थोडी बुटकी. दोन्हींवर तळाशी ‘उ’ आणि ‘पा’ लिहून ठेवलंय. तारा ढिल्या करायच्या, घोडी काढायची, दुसरी बसवायची, दहा मिनिटं. पावसाळी घोडी बसवल्यावर चौथ्या दिवशी एफ लागला. स्वच्छ नाही, पण लागला. मी तो त्या दिवशी पन्नास वेळा वाजवला असेल. गिऱ्हाईक म्हणालं, भाऊ, मोटार कधी देणार?

पावसाळ्यात तारा गंजतात हेही लिहून ठेवतो. हाताचा घाम आणि दमट हवा. वाजवून झाल्यावर सुक्या फडक्यानं पुसल्या तर तीन महिने जातात, नाही तर दीड.

भजनी मंडळाचं सांगायचं राहिलं. आमच्या गल्लीत एकादशीला भजन असतं. पेटीवाले बाबा म्हणाले, आण तुझं ते. पट्टी काळी एक. मला गिटारीत काळी एक कुठं ते माहीत नव्हतं. घरी येऊन डोकं लावलं: सी म्हणजे पांढरी एक, पहिल्या फ्रेटला कॅपो लावला की सी च्याच बोटांनी काळी एक. कॅपो अडीचशे रुपयांचा, स्प्रिंगचा चिमटा असतो, तारांवर बसवायचा. मोठ्या ऐटीत गेलो. पहिलंच भजन, मी भरून कॉर्ड वाजवतोय, बाबांनी पेटी थांबवली. “तुझा गंधार भांडतोय.”

खरं होतं. कॉर्डमध्ये सा, ग, प असे तीन स्वर. भजनाच्या चालीत कोमल गंधार आणि माझ्या कॉर्डात शुद्ध. मायनर, म्हणजे कोमल गंधाराची कॉर्ड, धरली तर पुढच्या भजनाला उलटं. शेवटी त्यांनीच वाट दाखवली: ग सोडून दे, सा आणि प ठेव. दोनच तारा, तंबोऱ्यासारख्या. तेव्हापासून मी भजनात सा-प वाजवतो आणि कुणाशी भांडण होत नाही. मृदंग आणि टाळांत मी ऐकू येतो का? नाही. पण बसतो.

घरी श्रावणात कानबाई, म्हणजे आमच्या खानदेशातली देवी, बसली तेव्हा मात्र ऐकू आलो. बायका अहिराणी गाणी म्हणत होत्या, त्यांची पट्टी दर गाण्याला बदलते, विचारायची सोय नाही. कॅपो सरकवत सरकवत पाठलाग केला. दोन कॉर्डांत बहुतेक गाणी निघाली. आता एखाद्या दिवशी रात्री गिटार घरी आणली आणि हातात घेतली नाही की आई विचारते, “आज नही वाजाडं का?”

खर्चाचं एका दमात: गिटार ६,८००, तारांचे पाच सेट मिळून दोन हजारांच्या आसपास, कॅपो, ओलाव्याचं यंत्र, दोन घोड्या, पिका म्हणजे तारा छेडायच्या छोट्या चकत्या. पिका दहा रुपयाला एक मिळतात आणि वॉर्निशच्या डब्यात पडतात. क्लासची फी यात धरलेली नाही.

कुणाला घ्यावी? ज्याच्याकडे दिवसात दहा मिनिटांचे तुकडे पडलेले असतात त्यानं. दुकानदार, वॉचमन, मेडिकलवाले, पंपावर बसणारे. घेतल्या दिवशी खिळाही घ्यावा. आणि उंची मोजून घ्यावी, विकणारा काहीही म्हणो.

मार्च लागलाय. दोन दिवसांपासून जाड तार पुन्हा थोडी खरखरते आहे, यंत्रात ३१. काल कूलर खाली काढला, गंज खरवडला, नव्या ताट्या आणून बसवल्या. ‘पा’ लिहिलेली घोडी काढून डबीत ठेवली, ‘उ’ बसवली, आणि खिळा कूलरच्या बाजूच्या भिंतीला हलवला.